फुकट काम कुणाला महाग पडतं?

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आहे. कल्याणला रेल्वे पोचली १८५४ मध्ये. म्हणजे गाडी आली आणि दहा वर्षांत गावात वाचनालय आलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. ते काढण्यात पुढाकार वि. ल. भावे यांचा होता. मिठाच्या व्यवसायातल्या घरातला हा मुलगा तेव्हा २१ वर्षांचा होता. पुढे त्यानेच 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून मराठी वाङ्मयाचा इतिहास मांडला. एकविसाव्या वर्षी मी कॅम्पस प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूड टेस्ट सोडवत होतो, हे आपलं जाता जाता.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात वाढलेल्या मराठी माणसाला या गोष्टींचा अभिमान असतो. आमच्याकडे २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, तेही तो सांगतो. या अभिमानात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वाचनालय म्हणजे पैसे न घेता राबणाऱ्या माणसांनी उभी केलेली गोष्ट. संस्थापक मानद, अध्यक्ष मानद, कार्यवाह मानद. वाचनालयाच्या कामाला पैसे घेणं म्हणजे देवळात देवाची आरती म्हणायचे पैसे मागण्यासारखं.

मलाही तसंच वाटायचं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आठवड्याचे तीन दिवस ऐरोलीला ऑफिसात आणि दोन दिवस घरून. गेलं दीड वर्ष बहुतेक रविवारी सकाळी आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात जातो आणि तीन-चार तास काम करतो. पैसे घेत नाही. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते कमी-अधिक फरकाने बऱ्याच वाचनालयांत सापडेल, आणि एकाच वाचनालयाकडे बोट दाखवून विषय संपवायचा नाहीये. विषय असा आहे: मी फुकट काम करतो ते चांगलं आहे का?

आधी काम काय आहे ते सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे.

प्रत्येक वाचनालयात एक दाखल नोंदवही असते. पुस्तक विकत आलं, देणगी आलं, काहीही झालं तरी आधी त्या वहीत नोंद होते आणि पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. आमच्या वाचनालयातल्या या वह्या जाडजूड, कापडी बांधणीच्या, कडा खाल्लेल्या. पहिल्या वहीतलं अक्षर टाकाने लिहिलेलं आहे. या वह्या कॉम्प्युटरवर आणायच्या, हे माझं काम. ऐकायला सोपं. दोन महिन्यांत संपवू असं मी म्हणालो होतो, आणि आयटीतल्या कुठल्याही एस्टिमेटचं होतं तेच त्याचं झालं.

अडचण पहिली, फॉन्ट. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी उत्साहाने काही हजार नोंदी टाइप करून ठेवल्या होत्या, पण त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर नुसता किडा-मुंगीचा खेळ दिसतो. त्यासाठी कन्व्हर्टर लिहिला. अडचण दुसरी, नावं. एकच लेखक कधी पूर्ण नावाने, कधी आद्याक्षरांनी, कधी टोपणनावाने. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज हे एकच, हे मला माहीत आहे, डेटाबेसला नाही. आद्याक्षरांमध्ये टिंब आहे का, टिंबानंतर जागा सोडली आहे का, यावरून एका पु. ल. देशपांड्यांचे चार देशपांडे होतात. अडचण तिसरी, ही माझी आवडती: 'ॲ' हे अक्षर दोन पद्धतींनी टाइप होतं. एकदा सलग अक्षर म्हणून, एकदा 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखी, मशीनला वेगळी. मग शोधलं की पुस्तक सापडत नाही, आणि ते समोरच्या कपाटातच असतं. 'ऱ्या'चा गोंधळ तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हे सगळं निस्तरताना मला ज्यांची सतत मदत लागते त्या ताई तिथे निर्गम सहायक आहेत. म्हणजे देवघेवीच्या काउंटरवर बसतात, पुस्तकं देतात-घेतात, वर्गणी घेऊन पावती फाडतात, दिवाळी अंकांना नंबर घालतात, फाटलेल्या पुस्तकांना खळ लावतात, पावसाळ्यात खालच्या फळ्यांवरची पुस्तकं वर हलवतात. अमुक लेखकाने तमुक टोपणनावाने लिहिलेल्या रहस्यकथा कुठल्या कपाटात आहेत, त्या कुणी नेल्या आहेत आणि तो माणूस परत कधी आणून देईल, हे त्या न बघता सांगतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये जे काही बरं आहे ते त्यांच्या डोक्यातून आलेलं आहे. त्यांचा महिन्याचा पगार पाच आकडी नाही.

एका रविवारी काम करता करता त्या सहज म्हणाल्या, "तुम्ही याचे पैसे घेतले असते तर बरं झालं असतं." मी म्हटलं, का हो ताई? "मग कमिटीला कळलं असतं की याला पैसे लागतात."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बारकोडचं स्टिकर कुठे लावायचं हे सांगावं तशा आवाजात त्या बोलल्या. पण तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला. पुढच्याच महिन्यात त्याला कारणही मिळालं. वाचनालयातले लिपिक काका निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी माणूस नेमायचा का, यावर कार्यकारिणीत चर्चा झाली आणि एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आता आपल्याकडे रविवारी तरुण मुलं येतात. कॉम्प्युटरचं सगळं तेच बघतात. जागा भरायची घाई कशाला?" हे वाक्य मला कौतुक म्हणूनच सांगण्यात आलं.

यात कुणी खलनायक नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाचनालयाकडे खरोखरच पैसे नाहीत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. तो चांगला कायदा आहे. त्याच्यामुळे गावोगावी लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना सरकारी मान्यता आणि अनुदान मिळू लागलं, आणि आज अशी हजारो ग्रंथालयं राज्यात आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग, त्याप्रमाणे अनुदान. पण तमिळनाडू किंवा कर्नाटकात मालमत्ता करासोबत जसा ग्रंथालय उपकर गोळा होतो, तसा आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे ग्रंथालयांसाठी हक्काचा असा पैसाच नाही. सरकार बजेटमधून देईल तेवढं. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, पण ती वाढ अनेक वर्षं थांबून मिळालेली होती आणि मुळातली रक्कमच लहान. अनुदानातला साधारण अर्धा भाग पगारासाठी. तो सगळ्या कर्मचाऱ्यांत वाटून किती येतो, याचा हिशेब करायला इंजिनिअर लागत नाही. या कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी नाही. त्यांच्यासाठी प्रभू समिती झाली, पत्की समिती झाली, आणि अहवालांनाही शेवटी कुठेतरी दाखल क्रमांक मिळालाच असेल.

तर, तिजोरी रिकामी, काम भरपूर, आणि रविवारी एक मुलगा लॅपटॉप घेऊन येतो. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

माझ्या मित्राचं उत्तर सोपं होतं. तो म्हणाला, ओव्हरथिंक करू नकोस. तू गेला नाहीस तर ताईंचा पगार वाढणार आहे का? नाही. कॅटलॉग होणार आहे का? तेही नाही. मग तुझ्या तत्त्वाने कुणाचं भलं झालं? हा युक्तिवाद बळकट आहे. मी त्याला बरेच दिवस उत्तर शोधत होतो. पण तो नीट पाहिला तर लक्षात येतं की तो नेहमी एका रविवारचा हिशेब करतो. एक रविवार मी गेलो किंवा न गेलो, काही बदलत नाही, कबूल. पण दीड वर्षाचे रविवार मिळून एक जागा रिकामी ठेवण्याचं कारण तयार झालं. पाण्याच्या टाकीला एका थेंबाने काही होत नाही हे खरं, पण सोसायटीचं छत गळतं ते थेंबाथेंबानेच.

ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलेलं आहे. २०१० नंतर तिथल्या सरकारने खर्चात कपात केली, स्थानिक संस्थांची बजेटं आक्रसली आणि सार्वजनिक ग्रंथालयांवर कुऱ्हाड आली. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन 'बिग सोसायटी'ची भाषा करत होते, म्हणजे सरकारने बाजूला व्हायचं आणि लोकांनी पुढे यायचं. लोक आलेही. २०१६ साली बीबीसीने आकडे गोळा केले तेव्हा दिसलं की सहा वर्षांत ३४३ ग्रंथालयं बंद झाली, जवळपास ८,००० नोकऱ्या गेल्या आणि त्याच काळात १५,००० हून जास्त स्वयंसेवक नव्याने आले. त्या स्वयंसेवकांपैकी एकानेही कुणाची नोकरी घालवायला नाव नोंदवलं नसणार. उलट, आपल्या गल्लीतलं ग्रंथालय बंद पडू नये म्हणून ते गेले होते. काही ग्रंथालयं त्यांच्यामुळे वाचलीही. मला त्या माणसांबद्दल आदर वाटतो आणि त्या आकड्यांची भीतीही वाटते. दोन्ही एकाच वेळी.

फुकट देणं आणि पैसे घेऊन करणं यांचं नातं काय, यावर एक जुना, गाजलेला वाद आहे. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७० साली रक्तदानावर पुस्तक लिहिलं. ब्रिटनमध्ये लोक रक्त फुकट देतात, अमेरिकेत तेव्हा बरंचसं विकत घेतलं जायचं. टिटमसचं म्हणणं, पैसे आले की देण्यातली माणुसकी जाते, शिवाय रक्ताचा दर्जाही घसरतो. त्यावर अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी शंका काढली की एखाद्याला विकायची मुभा दिली म्हणून दुसऱ्याचं दान अडतं ते कसं? ज्याला द्यायचं त्याने द्यावं, ज्याला विकायचं त्याने विकावं. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, पण भारतात रक्ताच्या बाबतीत आपण टिटमसच्या बाजूने निकाल लावला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर व्यावसायिक रक्तदान बंद झालं. आता शिबिरात एक बिस्किटचा पुडा, कॉफी आणि फार तर एखादी भेटवस्तू मिळते.

पण माझ्या प्रश्नात हा वाद उलटा होतो, आणि याबद्दल मला फारसं कुठे वाचायला मिळालं नाही. टिटमसला काळजी होती की पैसा दानाला मारेल. मला काळजी आहे की दान पगाराला मारेल. रक्त कुणाचं पोट भरायचं साधन असू नये, हे आपल्याला मान्य आहे. काउंटरवर बसून पुस्तकं देणं मात्र एका बाईचं पोट भरायचं साधन आहे, आणि असायलाच हवं. म्हणून 'देणं नेहमी विकण्यापेक्षा वरचं' हा नियम इथे लागू करता येत नाही. मी जे देतो तेच दुसरं कुणी तिथे विकत असेल, आणि त्याचं घर त्यावर चालत असेल, तर माझ्या दानाने त्याचा भाव पडतो. दिव्यात हातगाडीवर भाजी विकणाऱ्याच्या शेजारी उभं राहून मी गावाहून आणलेली वांगी फुकट वाटायला लागलो तर लोक मला उदार म्हणतील. भाजीवाला काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही.

आपल्या भाषेनेही यात थोडी गडबड करून ठेवली आहे. 'पगारी माणूस' हे शब्द आपण कसे उच्चारतो ते आठवून बघा. 'सेवाभावी' म्हटलं की मान झुकते, 'पगारी' म्हटलं की नाक मुरडतं. काम तेच. मी रविवारी पुस्तकाला लेबल लावलं की ती सेवा, ताईंनी सोमवारी लावलं की ती नोकरी. आणि ज्यांना कमी द्यायचं असतं त्यांच्या पदाच्या नावातच आपण सेवा घालून ठेवतो. अंगणवाडी सेविका. आशा स्वयंसेविका. या स्वयंसेविका घरोघरी फिरतात, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवतात, करोनात ताप मोजत दारोदार गेल्या. त्यांना मिळतं त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान आणि धन, दोन्ही शब्द एकत्र करून दोन्हीत बचत. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साल उजाडावं लागलं, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

स्वेच्छेने कमी पैशांत काम करण्याची एक मोठी परंपरा आपल्याकडे आहे हे मला ठाऊक आहे. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. गोखल्यांनी महिना ७५ रुपयांवर २० वर्षं शिकवण्याचं व्रत घेतलं. टिळक त्याच संस्थेतून १८९० मध्ये बाहेर पडले, आणि त्या भांडणात एक मुद्दा होता तो आजीव सदस्यांनी बाहेरून कमाई करावी की नाही याचा. म्हणजे त्यागाचे नियम काय, यावर आपल्या थोर माणसांचंही जमलं नव्हतं. पण या गोष्टीत एक तपशील आपण विसरतो. ७५ रुपये ही त्या काळी शिपायाची कमाई नव्हती. त्या माणसांसमोर वकिली होती, सरकारी नोकरी होती, आणि ते सोडून त्यांनी कमी पगार निवडला. त्याग करायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. ताईंनी त्यांचा पगार निवडलेला नाही. त्यांच्याकडून त्यागाची अपेक्षा करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं वाढून पुण्य कमावणं.

आणि माझ्या हातात आहे. हा भाग लिहायला थोडा अवघड जातो, पण तो टाळला तर बाकीचं सगळं खोटं होईल. मी रविवार देऊ शकतो कारण माझे सोमवार ते शुक्रवार चांगले विकले जातात. आमच्या कंपनीत तर स्वयंसेवेचे तास नोंदवायचं पोर्टल आहे. वर्षाला अमुक तास भरले की ईमेलमध्ये एक बॅज येतो, लोक तो लिंक्डइनवर टाकतात. मी टाकलेला नाही, पण तास नोंदवले आहेत, कारण मॅनेजरने टीमचा आकडा विचारला होता. एकाच कामाची ही दोन रूपं आहेत. माझ्या सीव्हीवर ते एक ओळ वाढवतं, वाचनालयाच्या हजेरीपटावरून एक ओळ कमी करतं.

तरी मी काम थांबवलेलं नाही. का, ते सांगतो.

एक तर, सगळंच काम पगारी व्हावं असं मला वाटत नाही. सभासदांनी आपल्या वाचनालयासाठी काही न करणं, नुसती वर्गणी भरून ओटीटीसारखं ते वापरणं, हेही मला पटत नाही. वाचनालय दुकान नाही. लहान मुलांना शनिवारी गोष्ट वाचून दाखवणाऱ्या एक आजी आमच्याकडे येतात. त्यांना पैसे देऊ केले तर त्या दुखावतील, आणि योग्यच आहे. त्यांच्या येण्याने कुणाची जागा जात नाही, कारण ती जागा कधी नव्हतीच. भाव्यांनी आणि त्यांच्या आधी कल्याणकरांनी जे केलं तेही असंच होतं. नव्हतं ते त्यांनी उभं केलं. त्यांच्या कामानंतर गावात नोकऱ्या वाढल्या, ग्रंथपाल आला, लिपिक आला, शिपाई आला. त्यांच्या फुकट कामाच्या पोटी पगार जन्माला आले. माझ्या फुकट कामाच्या पोटी एक पगार मरायला टेकला आहे. कष्ट सारखेच असतील, पण परिणाम उलटा आहे.

ही रेघ मात्र दरवेळी इतकी स्पष्ट नसते. कॅटलॉगचं बघा. तो आधी नव्हता, म्हणून मी नवीन काहीतरी उभं करतोय. पण तो झाला की नोंदी कमी वेळात होतील, आणि मग 'दोन माणसं कशाला' असं कुणीतरी म्हणेल. मी आयटीत आहे, हे वाक्य मला पाठ आहे. आमच्याकडे त्याला ऑप्टिमायझेशन म्हणतात.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते एका सॉफ्टवेअरने. ग्रंथालयांसाठी 'कोहा' नावाची एक प्रणाली आहे, फुकट मिळते, कोड सगळ्यांना खुला, भारतातली अनेक कॉलेजं ती वापरतात. ती बनली न्यूझीलंडमध्ये. होरोव्हेनुआ नावाच्या एका लहान जिल्ह्याच्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती, तो वाय-टू-के नावाचा गोंधळ आमच्या पिढीने फक्त ऐकलाय. नवीन प्रणाली विकत घेण्याऐवजी त्यांनी एका स्थानिक कंपनीला काम दिलं, १९९९ मध्ये ती बनवून घेतली, आणि मग जगाला फुकट देऊन टाकली. 'कोहा' हा माओरी शब्द आहे. अर्थ, भेट. पाहुणा जाताना यजमानाच्या घरी जी भेट घेऊन जातो ती, आणि तिच्यात परतफेडीचं नातं गृहीत असतं.

ही भेट ज्या प्रोग्रॅमरांनी लिहिली त्यांना पगार मिळाला होता, हे मला यातलं महत्त्वाचं वाटतं. ग्रंथालयाने आधी कामाचे पैसे चुकते केले आणि मग त्या कामाचं फळ वाटलं. दान झालं, पण कुणाच्या मजुरीतून कापून झालं नाही. आपल्याकडे आपण नेमकं उलट करतो. मजुरी वाचवतो आणि त्यालाच दान म्हणतो.

म्हणून मी कार्यवाहांना जाऊन भेटलो. ते सत्तरीचे आहेत, निवृत्त बँक अधिकारी, स्वतः रोज संध्याकाळी दोन तास पदरमोड करून देतात. त्यांच्याशी असं बोलायला संकोच वाटत होता. मी म्हटलं, काका, मी काउंटरवर बसणार नाही, पावत्या करणार नाही, लिपिक काका जे करायचे त्यातलं काहीही करणार नाही. प्रोग्रॅम लिहीन, बिघडला तर दुरुस्त करीन, आणि जो माणूस तुम्ही नेमाल त्याला शिकवीन. ते हसले. म्हणाले, "म्हणजे तू संपावर चाललास." मी म्हटलं, नाही, जागा भरा एवढंच म्हणतोय. मग मी आणखी एक सुचवलं: मी आणि माझे तीन-चार मित्र मिळून दरमहा ठरावीक रक्कम देतो, पण ती पगारावरच खर्च करायची.

यावर ते जे म्हणाले ते ऐकण्यासारखं होतं. "अरे, चाळीस वर्षं मी देणग्या मागतोय. कपाट मिळतं, पंखे मिळतात, वॉटर कूलर मिळतो. पगाराला कुणी देत नाही." खरं आहे. आमच्या वाचनालयात फिरून बघा, प्रत्येक कपाटावर 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' रंगवलेलं आहे. पंख्याच्या पात्यावरसुद्धा एक नाव आहे, पंखा बंद असला की वाचता येतं. पगारावर नाव कुठे रंगवणार? आपण वस्तू देतो कारण वस्तू राहते आणि आपलं नाव राहतं. माणसाच्या महिन्याच्या रेशनमध्ये गेलेला पैसा दिसत नाही. शिवाय त्यांची दुसरी अडचणही खोटी नव्हती. तुम्ही पोरं दोन वर्षांनी पुण्याला जाल, नाहीतर कॅनडाला. मग तो पगार कुणी द्यायचा? माणूस नेमला की नेमला.

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी दोन वर्षांनी कुठे असेन ते मला माहीत नाही. स्वयंसेवकाच्या कामातली हीच खोट आहे की तो कधीही जाऊ शकतो. ताई मात्र गेली सतरा वर्षं रोज येतात, पाऊस असो, लोकल बंद असो. पगाराच्या बदल्यात संस्थेला नुसतं काम मिळत नाही, उद्या पुन्हा कुणीतरी असेल हा भरवसा मिळतो. तो माझ्याकडून फुकटातही मिळत नाही.

ताईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांना त्यात फार रस दिसला नाही. माझ्या तत्त्वांपेक्षा त्यांना डेटा एन्ट्री शिकण्यात जास्त रस होता, कारण शेजारच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर येणाऱ्या माणसाला बरा पगार आहे, असं त्यांनी ऐकलंय. हेही मी धरलं नव्हतं, की मी शिकवलं तर त्या इथून जातील. जाव्यात. आता त्या आठवड्यातून दोन दुपारी माझ्यासोबत व्हिडिओ कॉलवर बसतात आणि मराठी कीबोर्डवर माझ्यापेक्षा वेगाने टाइप करतात. 'ॲ' त्या नेहमी सलगच लिहितात. मी अजून कधीकधी चंद्र देतो.

दाखल नोंदवहीचे तीन खंड झालेत, चौथा आणि पाचवा बाकी आहेत. चौथा मी करू नये, असं ताईंनीच सांगितलं. तो त्या करणार, पण कामाच्या वेळेत, आणि तेवढा वेळ काउंटरवर कोण बसणार ते कमिटीने ठरवायचं. तसा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून कार्यवाहांच्या टेबलावर ठेवलाय. कार्यकारिणीची बैठक पुढच्या शनिवारी आहे.